आरोग्य आणि गृहस्थी : पंगतींतील आग्रह

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं पंगतीस बसण्याचा योग आला. त्यांच्या धाकट्या सूनबाईंवर चार महिन्यांपूर्वीं स्थूलतेची शस्त्रक्रिया झाली होती. पानांतील अर्धी पोळी पाहून आतेसासूबाई म्हणाल्या, "अगं, हें काय चिमणीचें जेवण? सणाचा दिवस आहे. माझ्यासाठीं एक पुरणपोळी तरी घे!" बिचारीनें मान राखिला, आणि थोड्याच वेळांत घाम व छातींतील धडधड यांनीं व्याकूळ होऊन ती पानावरून उठली.

आतेसासूबाईंच्या मायेविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु शस्त्रक्रियेनें काय पालटलें, हें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें. पोटावर मोठा छेद न घेतां, चारपांच लहान छिद्रांतून दुर्बीण व बारीक हत्यारें आंत घालून ती करितात. जठराची एक लहानशी पिशवी राखून ती थेट लहान आंतड्यास जोडितात; हिला 'बायपास' म्हणतात. मग गोड पदार्थ आंतड्यांत एकदम उतरतो आणि असा त्रास होतो. 'स्लीव्ह' नांवाच्या दुसऱ्या प्रकारांत जठराचा सुमारें ७५ ते ८० टक्के भाग काढूनच टाकितात.

छिद्रें लहान, म्हणून शस्त्रक्रिया लहान असें मात्र कोणीं समजूं नये. लग्नापूर्वीं चार किलो उतरविण्याचा हा उपाय नव्हे. अतिस्थूलता हा रोग आहे. मधुमेह व रक्तदाब त्याच्या पाठोपाठ येतात. त्यास आळस म्हणून हिणविणें अन्यायाचें आहे.

शल्यवैद्याचें काम कांहीं तासांत संपतें; घराचें तेथून सुरू होतें. थोडें थोडें व सावकाश चावून खाणें, डाळी, दूध, पनीर यांस पानांत पहिला मान देणें, जेवतांना पाणी न पिणें, हे नियम पाळावयाचे असतात. ब-१२ जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि वेळोवेळीं रक्ततपासणी जन्मभर चुकत नाहीं. बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याचाही सल्ला असतो. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं पाळण्याची घाई करूं नये.

आग्रह ही आमच्या पंगतीची शोभा खरी. पुढच्या सणास तो अवश्य करावा, मात्र "आणखी एक पोळी घे" असा नव्हे, तर "आजची गोळी घेतलीस ना?" असा.