मैत्रिणीला यादी दिसतेय, तुम्हाला जुनंच पान: ब्राउझरचं 'कॅश' प्रकरण काय आहे?

प्रवेशाची यादी लागते. मैत्रिणीच्या फोनवर ती दिसते, तुमच्या फोनवर मात्र 'यादी लवकरच जाहीर होईल' हीच ओळ. स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो आणि 'यादी मागे घेतली' अशी अफवा सुरू होते. प्रत्यक्षात यादी जागेवरच असू शकते. तुमचा फोन कदाचित तासाभरापूर्वीचं पान दाखवत असतो.

पान जुनं का दिसतं?

दरवेळी सगळं नव्याने डाउनलोड करावं लागू नये म्हणून ब्राउझर पानाची प्रत फोनमध्ये ठेवतो. हीच कॅश. ती किती वेळ वापरायची, हे वेबसाइट 'कॅश-कंट्रोल' या सूचनेतून सांगते. त्यात 'मॅक्स-एज' ३६०० असेल, तर ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास ती प्रत ताजी मानली जाते. तेवढ्यात मूळ पान बदललं, तरी ब्राउझर सहसा विचारायलाही जात नाही.

'नो-कॅश'च्या नावावर जाऊ नका. त्याचा अर्थ 'प्रत ठेवा, पण दाखवण्याआधी सर्व्हरला विचारा'. प्रत ठेवूच नये, यासाठी 'नो-स्टोअर' आहे.

प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळं का?

वेबसाइटने मुदत सांगितलीच नाही, तर ब्राउझर अंदाज बांधतो. आरएफसी ९१११ हे २०२२ चं तांत्रिक मानक त्याला ही मुभा देतं. नेहमीचा हिशेब असा: पान बदलून जितका काळ झाला, त्याच्या १० टक्के. म्हणजे १० दिवस न बदललेलं पान पुढचा एक दिवस ताजं! शिवाय 'बॅक' दाबल्यावर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी आधीचं पान मेमरीतून जसंच्या तसं उभं करू शकतात.

काय कराल?

• विंडोजवर क्रोम, एज, फायरफॉक्स: कंट्रोल + शिफ्ट + आर.
• मॅकवर सफारी: ऑप्शन + कमांड + आर.
• फोनवर: आधीचे प्रायव्हेट टॅब बंद करा आणि नव्या प्रायव्हेट किंवा इनकॉग्निटो टॅबमध्ये लिंक उघडा.
• कुकीज सरसकट पुसू नका. ठिकठिकाणचं लॉग-इन जाईल.

तरीही जुनंच पान आलं, तर वेबसाइट आणि तुमच्यामधल्या सर्व्हरवरची प्रत जुनी असू शकते. ती काढणं वेबसाइट चालवणाऱ्यांच्याच हातात असतं.

मग जबाबदारी कोणाची?

यादीचं पान बदलणार, हे संस्थेला आधीच माहीत असतं. त्यामुळे योग्य मुदत लावणं हे तिचं काम. ऐन वेळी 'कॅश क्लिअर करा' म्हणत ते विद्यार्थ्यांवर ढकलणं बरं नाही. आपण मात्र एवढं करू शकतो: स्क्रीनशॉट फॉरवर्ड करण्याआधी पान एकदा नव्याने उघडून पाहा.