जपानी इंजिन आणि आपली छोटी लाईन

मुसलमान मास्तराने कशाबद्दल लिहावं, याची एक यादी लोकांच्या मनात तयार असते. मदरसे, उर्दू शाळांची घटती पटसंख्या, तलाक, आरक्षण. या विषयांवर मी लिहिलंय आणि पुढेही लिहीन, कारण ते माझ्याच घरादाराचे प्रश्न आहेत. पण आज मला वाफेच्या इंजिनांबद्दल लिहायचंय. तीही जपानी, आणि तीही तळहातावर मावणारी.

हिंगोलीतल्या माझ्या घरी एका खोलीत दाराच्या फळीएवढा प्लायवूडचा तुकडा आहे. त्यावर नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ गोल फिरवलेले आहेत आणि बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर गाडी चालते. इंजिनं सहा. वर्षाकाठी एक, तेही शक्यतो कुणीतरी वापरून विकायला काढलेलं. मराठवाड्याची धूळ आणि एप्रिलचा उन्हाळा या दोघांना ही इंजिनं मुळीच मानवत नाहीत. दर रविवारी रूळ स्पिरिटने पुसावे लागतात, नाहीतर गाडी आचके देत थांबते.

पाहुणे येतात, बघतात, आणि दोनपैकी एक प्रश्न विचारतात. शाळेतले सहकारी विचारतात, ‘सर, याचा उपयोग काय?’ नातेवाईक जरा दबक्या आवाजात विचारतात, ‘हे इस्राफ नाही का?’ इस्राफ म्हणजे उधळपट्टी. प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तरही देतो. नवं जपानी इंजिन तिकडे दहा-पंधरा हजार येनच्या घरात पडतं, वर पोस्ट आणि कस्टम. मास्तराच्या पगारात ही लहान रक्कम नाही. पण आपल्याकडे वलीम्याच्या एका जेवणावळीत जेवढं अन्न उकिरड्यावर जातं, त्याचा हिशोब मागताना मी कुणाला पाहिलेलं नाही. घरातल्या कुणाचा हक्क न मारता, हात राखून केलेला खर्च उधळपट्टीत कसा मोडतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

उपयोगाच्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. ते इंजिन जपानी का, इथून सुरू होतं.

मला खरं तर वायजी हवं होतं. आपल्या छोट्या लाईनवर, म्हणजे मीटरगेजवर, मालगाडी ओढणारं इंजिन म्हणजे वायजी, आणि पॅसेंजर-एक्सप्रेसचं वायपी. स्वातंत्र्याच्या आगेमागे आखलेली ही दोन इंजिनं देशभरच्या मीटरगेजवर धावली. वायजी १०७४ बांधली गेली, वायपी ८७१. त्यातली पुष्कळशी जमशेदपूरच्या टेल्कोची, काही बाहेरच्या देशांतून आलेली. त्या काळात आपली रेल्वे जपानी कारखान्यांकडूनही वाफेची इंजिनं मागवत होती. इतकी इंजिनं, इतकी वर्षं, आणि दुकानात जाऊन डबा विकत घ्यावा असं वायजीचं मॉडेल मला आजवर मिळालेलं नाही. शोधता शोधता हाताला लागलं ते जपानचं डी-५१.

डी-५१ हे तिकडचं मालगाडीचं इंजिन. १९३६ ते १९४५ या काळात १११५ बांधली गेली. आकडा बघा, आपल्या वायजीच्या किती जवळ आहे. लोक लाडाने त्याला ‘देगोइची’ म्हणतात. पुढे एक छोटी चाकजोडी, मध्ये चार मोठ्या, मागे पुन्हा एक छोटी. वायजीचीही मांडणी हुबेहूब हीच. जगभरचे रेल्वेवाले या मांडणीला ‘मिकाडो’ म्हणतात, आणि मिकाडो म्हणजे जपानचा सम्राट. झालं असं की १८९७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याने जपानच्या एका रेल्वे कंपनीसाठी अशी इंजिनं बांधली. तिथला कोळसा हलक्या प्रतीचा. तो जाळायचा तर भट्टी रुंद हवी, आणि रुंद भट्टीचं वजन पेलायला मागे आणखी एक चाकजोडी हवी. त्या ऑर्डरीवरून नाव पडलं ते पडलंच. पुढे महायुद्धात अमेरिकेने जपानवरच्या रागापोटी ते बदलून ‘मॅकआर्थर’ करून पाहिलं, पण रुळांवर मिकाडोच टिकलं.

आपल्याकडेही कोळशाची रड तीच होती. म्हणून आपल्या नव्या इंजिनांनाही रुंद भट्ट्या दिल्या गेल्या. कुठला सम्राट आणि कुठली मीटरगेजची मालगाडी! पण दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे हलका कोळसा. इतिहासाच्या पुस्तकात असली नाती येत नाहीत.

रुळांचंही तसंच. जपानची जुनी लाईन १०६७ मिलिमीटरची, आपली मीटरगेज १००० ची. फरक जेमतेम चार बोटांचा. डी-५१ ची बैठक, बॉयलरखालून निघालेले दांडे, अरुंद रुळांवर उभा असलेला उंच देह, हे सगळं आपल्या छोट्या लाईनच्या माणसाला ओळखीचं वाटतं. युरोपातल्या इंजिनाचं मॉडेल पाहून तसं होत नाही.

आता गंमत बघा. जगात या छोट्या गाड्यांच्या एन गेजचं प्रमाण साधारण एकास एकशे साठ. जपानी कंपन्या आपली जुनी इंजिनं एकास दीडशे करतात, पण रूळ मात्र जगाचेच, नऊ मिलिमीटरचे. १०६७ ला दीडशेने भागलं तर सात मिलिमीटरच्या किंचित वर येतं. म्हणजे मॉडेलमधले रूळ दोन मिलिमीटर जास्त रुंद आहेत. तिकडच्या काही शौकिनांना हे खोटं सहन होत नाही. मोठ्या प्रमाणात काम करणाऱ्यांतले काही हट्टी लोक रूळ स्वतः तेरा मिलिमीटरचे टाकतात आणि चाकांचे आस कापून बसवतात. आपली ब्रॉडगेजही यातून सुटत नाही. १६७६ मिलिमीटरला सत्त्याऐंशीने भागलं तर एकोणीसच्या वर येतात, आणि बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे. ही गणितं मी आठवीच्या वर्गात घालतो. मी भाषेचा शिक्षक, गणिताचे सर हसतात. पण गुणोत्तर-प्रमाण ज्यांच्या डोक्यावरून जातं अशी दोन पोरं हिंगोलीचा प्लॅटफॉर्म एकास दीडशे केला तर घरात मावेल का, यावर मधल्या सुट्टीत भांडत होती.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. मराठीत या उद्योगाला ‘छंद’ म्हणतात, उर्दूत ‘शौक’. शौक म्हणजे ओढ, आस. मराठीत येईपर्यंत त्याचा ‘शौकीन’ झाला आणि त्याच्या हातात पानाचा विडा आला. छंदाचं मात्र बरं आहे, तो कवितेचं वृत्तही असतो. वाफेच्या इंजिनाच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा फुसकारतं. ते चार ठोके सारखे पडले तर इंजिन ठणठणीत, एखादा लंगडला तर आत कुठेतरी झडपेची वेळ चुकतेय. पूर्णेच्या शेडमधून निवृत्त झालेले एक नात्यातले बुजुर्ग सांगायचे, ‘बेटा, इंजन कान से चलता, आँख से नै.’ ते फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून सुटले. त्यांच्या पिढीचं हे ज्ञान कुठल्याही वहीत उतरलेलं नाही. एकेक जनाजा उठतो, एकेक अंत्ययात्रा निघते, आणि तेवढं कमी होतं.

इथे मला जपानचा हेवा वाटतो. त्यांची पहिली रेल्वे १८७२ ची. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ला धावली, म्हणजे आपण एकोणीस वर्षं पुढे. पण क्योतोच्या उमेकोजी शेडमध्ये त्यांनी वाफेच्या इंजिनांचं संग्रहालय उघडलं ते १९७२ मध्ये, आणि तिथली वाफेची रोजची शेवटची प्रवासी गाडी निघाली डिसेंबर १९७५ मध्ये. माणूस जिवंत असताना त्याचा फोटो काढावा, तसं त्यांनी केलं. आज तिथे दीडशेहून जास्त डी-५१ गावोगावच्या बागांत आणि शाळांजवळ उभी आहेत. कातो कंपनीने १९६५ मध्ये तिथलं पहिलं एन गेज इंजिन बाजारात आणलं, ते सी-५०. राजाची गाडी नव्हे की विक्रमी वेगाचं इंजिन नव्हे, यार्डात डबे ढकलणारं, लहान गाड्या ओढणारं साधं इंजिन. त्यांच्या कपाटात रोजच्या कामाचं इंजिन मानाने बसतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपण काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. दिल्लीचं रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या ध्यासातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला खुलं झालं. मुलांना घेऊन जरूर जा. खोलीत अंधार होतो, छोट्या शहराचे दिवे लागतात आणि मोबाईलवर वाकलेल्या माना वर होतात. दार्जिलिंग आणि निलगिरीच्या गाड्यांना तर युनेस्कोचा मान मिळाला. पण डोंगरातल्या, पर्यटकांच्या गाडीचं जेवढं कौतुक झालं, तेवढं सपाट रानातून ज्वारी, कापूस आणि माणसं वाहणाऱ्या लाईनचं झालं नाही.

आमची लाईन तशीच. निजामाच्या काळात ती पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आली, स्वातंत्र्यानंतर पुढे अकोला-खंडव्याला जोडली गेली. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस अजमेर, इंदूर, खंडवा, अकोला करत हिंगोलीवरून जायची. आमच्याकडचे कितीतरी लोक ख्वाजासाहेबांच्या उरुसाला अजमेरला गेले ते याच गाडीने, गाडी न बदलता. सातपुड्यात धूळघाटजवळ ही लाईन चढ चढण्यासाठी स्वतःभोवती वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जायची. मॉडेलवाले लोक कमी जागेत उंची गाठायला हुबेहूब असाच वळसा करतात. मेळघाटात तो खराखुरा होता.

२००८ मध्ये पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झाली. २०१७ च्या सुरुवातीला अकोल्याहून खंडव्याकडची मीटरगेजही थांबली. याबद्दल मी गळा काढत नाही. ब्रॉडगेजसाठी मराठवाडा वर्षानुवर्षं भांडला, गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी त्यासाठी हाडाची काडं केली, आणि त्यांचं बरोबरच होतं. मोठी लाईन सरकत सरकत पूर्णेपर्यंत आली आणि हिंगोलीची छोटीच राहिली, तेव्हा पूर्णेला रात्री-अपरात्री बोचकी डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागायची. त्या बायकांना छोट्या लाईनचं काव्य ऐकवायला मी जाणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की रूळ उखडताना कुणी टेप काढून मापं घेतली नाहीत. पाण्याचा उंच नळ किती उंच होता, सिग्नलची केबिन किती बाय किती होती, फलाटाची फरशी कोणत्या दगडाची होती, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. भंगाराचा लिलाव मात्र किलोवर अचूक झाला असणार.

मॉडेल करायला बसलं की माणूस हे प्रश्न विचारू लागतो. आठवण म्हणते, ‘मोठं काळं इंजिन होतं.’ मॉडेलला तेवढ्याने भागत नाही. चाक किती, डोम कुठे, पायरी कोणत्या बाजूला, हे त्याला सांगावं लागतं. गेल्या वर्षी आम्ही शाळेत पुठ्ठ्याचं वायजी करायला घेतलं, एकास सत्त्याऐंशी. मोठ्या चाकाचा व्यास चार फूट, म्हणजे मॉडेलमध्ये चौदा मिलिमीटर. पोरांनी शिंप्याकडून त्या मापाची बटणं मागून आणली. बॉयलरला वायरिंगची पीव्हीसी नळी, टेंडरमध्ये कुटलेला लाकडी कोळसा. उर्दू माध्यमाच्या मुली आणि मराठी माध्यमाची मुलं एका टेबलावर बसून बटणं घासत होती. ‘आस’ शब्दाला उर्दूत ‘धुरा’ म्हणतात, मग मराठीत धुरा खांद्यावर का घेतात, यावर एक तास गेला. गणिताच्या सरांनी हसणं थांबवून डिंक आणून दिला.

आता इंजिन उभं आहे, पण त्याला उभं करायला हिंगोलीचं जुनं स्टेशन नाही. तेच यंदा करायचंय. तुमच्या घरच्या अल्बममध्ये २००८ च्या आधीच्या स्टेशनचा फोटो असेल, म्हणजे लग्नाची वरात उतरताना, हाजींना निरोप देताना, पंढरीच्या वारीला निघताना काढलेला, तर त्यात माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा. खिडकी, खांब, पाटी, काहीही. फोटोतला माणूस किती उंच होता तेवढं सांगा, बाकीची मापं पोरं काढतील.