आटलेली सरोवरे, जपलेले मुद्दल
उत्तर चिलीत, अँडीज पर्वतरांगेच्या पठारावर, अटाकामाचे उंच वाळवंट पसरले आहे. काही ठिकाणी त्याची उंची ४,००० मीटरहून अधिक आहे. आज तेथे मिठाचे पांढरे पट आणि बोचरा वारा. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी मात्र पाऊस अधिक होता, सरोवरे भरलेली होती. काठच्या गवतावर विकुन्या व ग्वानाको हे उंटाच्या कुळातील प्राणी चरत आणि शिकारी टोळ्या तेथेच तळ देत.

पुढे पर्जन्य घटले, सरोवरे आटली. बहुतेक ठिकाणी मानवी वस्तीच्या खुणा काही सहस्रके विरळ होतात. पुरातत्त्वज्ञ या कालखंडाला ‘मौन’ म्हणतात. ते मौन संपूर्ण नव्हते. पुरिपिकासारख्या घळींत झऱ्यांचे पाणी टिकून होते. माणसे तेथे येत राहिली. अधूनमधून येणाऱ्या पुरांच्या गाळाने त्यांच्या चुली झाकल्या, म्हणूनच त्या आज वाचता येतात.

याच घळीत सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या दगडी वस्तीत मोठ्या आकाराची हाडे सापडली. ती माणसाळलेल्या लामांची असावीत, असे संशोधक मानतात. पाणी थोडे, पशूही थोडे. अशा वेळी केवळ शिकार म्हणजे मुद्दल खाणे. शिकार थांबली नाही, परंतु तिच्या जोडीला पालन आले. हा बदल करुणेतून नव्हे, निकडीतून घडला असावा. तरीही पशूला उद्यासाठी राखण्याची दृष्टी त्या टंचाईतच रुजली.