बारभाईंची खेती

‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती?’ असे आपल्या वाडवडिलांनी विचारून ठेवले आहे. नांगराला हात सगळ्यांचे, तण काढायला मात्र कोणी नाही! पण वाचकहो, बांधावर बारा राखणदार उभे केले आणि पेरायलाच कोणी नसले, तर तरी काय लागणार हाती?

याचे उत्तर इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाने देऊन ठेवले आहे. २००० साली अमेरिकेत ‘न्यूपीडिया’ निघाला. लेखक जाणकार, तपासणी सात पायऱ्यांची. परिणाम? २००३ मध्ये तो मिटला तेव्हा तावून सुलाखून निघालेले लेख जेमतेम २५! त्याच मंडळींनी १५ जानेवारी २००१ रोजी ‘विकिपीडिया’ काढला. या, लिहा, दुसऱ्याचे चुकले तर सुधारा. वर्षअखेर लेख २०,००० च्या घरात गेले.

मग मुक्तद्वारच बरे म्हणायचे काय? थांबा. मे २००५ मध्ये कुणा अनामिकाने थट्टेखातर जॉन सिगेन्थेलर या वृद्ध पत्रकाराच्या चरित्रात, केनेडी बंधूंच्या खुनात त्यांचा हात असल्याचा संशय घुसडून दिला. हे गृहस्थ तर रॉबर्ट केनेडींचे एके काळचे सहायक! चार महिने तो मजकूर तसाच राहिला. पुढे डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नाव न नोंदवता नवा लेख सुरू करण्यास मनाई केली. असलेला लेख सुधारण्याची मुभा मात्र ठेवली. दार लावले नाही, उंबरठा तेवढा घातला.

मराठी विकिपीडियाही २००३ पासून चालू आहे. तिथे एखादा उत्साही माणूस आपल्या गावच्या गढीवर चार ओळी लिहितो. ‘संदर्भ नाही’ म्हणून कोणी त्या पुसून टाकल्या, की स्वारी पुन्हा फिरकत नाही. इंग्रजीत लिहिणारे उदंड. मराठीत एक हात गेला तरी जाणवतो. उलट, चुकीचे साल तसेच राहिले, तर ते उद्या आपल्याच मुलांच्या वहीत उतरते.

तेव्हा जिवंत माणसाची अब्रू आणि औषधपाणी यांबाबत तपासणी कडकच हवी. बाकी ठिकाणी पुसण्याआधी ‘हे कुठे वाचलेत?’ एवढे विचारावे. लिहिणाऱ्यानेही राग न मानता पुस्तकाचे नाव आणि पान सांगावे. फराळ आटोपल्यावर आपल्या गावाचा लेख एकदा उघडून पाहा. चूक दिसली तर नुसते हसू नका, दुरुस्त करा.