कागदी मोला

अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळांत स्पॅनिश भाषेच्या तासाला विद्यार्थ्यांकडून ‘मोला’ करवून घेतात. रंगीत कागदांचे थर एकावर एक ठेवून वरचा थर कापायचा, म्हणजे खालचा रंग उमटतो. पोपट किंवा मासा तयार झाला की तो भिंतीवर लागतो. हाताने शिकलेले विस्मरणात जात नाही, म्हणून हा उपक्रम मला मनापासून पटतो. माझा आक्षेप निराळा आहे.

मोला ही पनामातील गुना स्त्रियांच्या पोलक्यावरील कापडी कलाकुसर. गुनांची मातृभाषा स्पॅनिश नव्हे. ‘सुसंस्कृत’ करण्याच्या नावाखाली पनामाच्या सरकारने पोलिसांकरवी त्यांचा पोशाख आणि नाकातील नथ सोडवू पाहिली. (कोणी काय ल्यावे-नेसावे हे सत्तेने ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको.) फेब्रुवारी १९२५ मध्ये गुनांनी उठाव केला आणि आपल्या चालीरीती राखण्याचा हक्क मिळवला.

म्हणजे आज ज्या भाषेच्या तासाला मोला कौतुकाने कापला जातो, त्याच भाषेतील सत्तेने तो अंगावरून उतरवू पाहिला होता. हे वगळून केलेला मोला ही निव्वळ शोभा होय. कात्री हाती देण्यापूर्वी शिक्षकाने दहा मिनिटे एवढे सांगावे. मुले कागद जरा सावकाश कापतील.