नवे नाव, जुनी पत

फेब्रुवारी २०२३ मध्ये आपले शहर अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. दुकानांच्या पाट्या बदलल्या, लेटरहेड आणि बिलबुके बदलली, ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचेही नाव बदलले. आता पाळी डोमेनची आहे. ज्यांच्या मेलच्या पत्त्यात ‘औरंगाबाद’ आहे अशी हॉटेले, टूर ऑपरेटर, क्लासेस, पैठणी-हिमरूचे व्यापारी नवे डोमेन घ्यायला ईमेल मार्केटिंग करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे येत आहेत. (शहराचे पूर्ण नाव रोमन लिपीत चोवीस अक्षरांचे होते, त्यामुळे बहुतेकांना आखूड रूप हवे असते.) डोमेन घ्यायला पंधरा मिनिटे पुरतात. घोटाळा त्यानंतर होतो. नवे डोमेन हाती आले की त्याच आठवड्यात त्यावरून सगळ्या जुन्या यादीला ‘आमचा पत्ता बदलला आहे’ असा मेल सुटतो, आणि स्पॅममध्ये जाऊन पडतो.

यात जीमेलचे काही चुकत नाही. जीमेल, याहू, आउटलुक यांच्या लेखी पत असते ती डोमेनची आणि आयपीची. गुलमंडीवर तीस वर्षे नाव कमावलेल्या पेढीचे डोमेन काल नोंदवलेले असेल, तर त्यांच्या दृष्टीने पेढी कालचीच. आणि कालच्या डोमेनवरून एकदम हजारो मेल पाठवणारा बहुधा ठग असतो. असे लोक डोमेन घेतात, दोन-चार दिवस वापरतात आणि फेकून देतात. आपला सरळमार्गी क्लायंट आपल्या घाईमुळे हुबेहूब त्यांच्यासारखा दिसू लागतो.

म्हणून पत्ता बदलल्याची खबर जुन्याच डोमेनवरून द्या. ओळख त्याची आहे. नव्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी आधी घाला. मग सुरुवातीचे काही आठवडे त्यावरून फक्त रोजचा पत्रव्यवहार होऊ द्या: कोटेशन, बिल, बुकिंगची पोच, म्हणजे ज्या मेलची समोरचा वाट पाहत असतो आणि ज्याला उत्तर येते असे मेल. त्यानंतर अलीकडच्या दोन-तीन महिन्यांत ज्यांनी उत्तर दिले किंवा लिंक उघडली, त्यांच्यापासून मोहीम सुरू करा आणि संख्या हळूहळू वाढवा. बाउन्स किंवा तक्रारी वाढताना दिसल्या तर थांबा, कारण शोधा, मगच पुढे जा.

जुन्या डोमेनचे नूतनीकरण मात्र चुकू देऊ नका, क्लायंटने कितीही कुरकुर केली तरी. थोडे पैसे वाचवायला ते सोडून दिले तर उद्या ते कोणीही विकत घेऊ शकतो. त्या पत्त्यावर येणारी ग्राहकांची पत्रे आणि पासवर्ड बदलण्याचे मेल मग थेट त्याच्या हातात. जुन्या डोमेनवरून मेल पाठवणे पूर्ण थांबले की त्याच्या एसपीएफमध्ये कोणालाच परवानगी ठेवू नका आणि डीमार्क ‘रिजेक्ट’वर न्या. त्या नावाने कोणी बनावट मेल पाठवलेच, तर डीमार्क पाळणारे सर्व्हर ते दारातूनच परत पाठवतील.

मोठ्या संख्येने मेल पाठवण्याचे नियम एव्हाना आपल्याला पाठ असायला हवेत. जीमेल आणि याहूने ते ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू केले. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक-हॉटमेलच्या पत्त्यांसाठी त्याच धर्तीवर नियम आणले. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला पाच हजारांच्या घरात मेल पाठवणाऱ्याला तिन्ही नोंदी लागतात, ‘फ्रॉम’मधले डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएममधल्या डोमेनशी जुळावे लागते, जाहिरातीच्या मेलला एका क्लिकवर नाव काढण्याची सोय लागते आणि नाव काढायची विनंती दोन दिवसांत पुरी करावी लागते. यातली एक बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. उपडोमेनांवरून गेलेले मेलही मूळ डोमेनच्याच हिशेबात धरले जातात, आणि पाच हजारांचा आकडा एकदा गाठला की ‘मोठा प्रेषक’ हा शिक्का परत निघत नाही. एका दिवाळीत एकदाच गाठला तरी.

या सगळ्या नोंदी बिनचूक असलेला मेलही स्पॅममध्ये जातो, आणि क्लायंट आपल्याला फोन करून विचारतो की पैसे कशाचे घेतलेत. नोंदींनी फक्त पाठवणारा कोण ते सिद्ध होते. त्याचा मेल कोणाला हवा आहे का, हे वाचणारा ठरवतो. गूगलची मर्यादा आहे तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाऊ न देण्याची, आणि ते ०.१ टक्क्याच्या आत ठेवा असा सल्ला आहे. इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलमागे तिघांनी ‘स्पॅम’ दाबले की संपले. विकतच्या यादीतून तीन माणसे चिडायला किती वेळ लागतो?

अशी यादी एकदा नीट उघडून बघा. ‘महाराष्ट्रातील उद्योजक’ अशा नावाची एक्सेल फाइल असते. पहिल्याच पानावर ‘इन्फो’ आणि ‘सेल्स’ने सुरू होणारे पत्ते, ज्यांमागे ठरावीक माणूस नाही. खाली वर्षानुवर्षे कोणी न उघडलेली रेडिफमेलची खाती, एकाच माणसाचे तीन पत्ते, जीमेलचे स्पेलिंग चुकलेली ओळ. आणि मध्येच कुठेतरी स्पॅम पकडण्यासाठीच पेरलेले सापळ्याचे पत्ते, जे कधीच कोणत्या खऱ्या माणसाचे नव्हते. डोळ्यांना ते ओळखू येत नाहीत. त्यांच्यावर मेल गेला की डोमेन काळ्या यादीत जाऊ शकते.

नुकसान जाहिरातीपुरते राहत नाही, म्हणून हे इतके कळकळीने लिहीत आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांच्या पुरवठादारांची साखळी उभी राहिली. आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथला लहान कारखानदार कोटेशन मेलवर पाठवतो, पर्चेस ऑर्डर मेलवर घेतो. त्याच डोमेनवरून कोणी विकतच्या यादीला ‘फेस्टिव्ह ऑफर’ झोडली, तर पुढच्या महिन्यात त्याचे कोटेशन खरेदी अधिकाऱ्याला दिसतच नाही. ऑर्डर दुसरीकडे जाते आणि का गेली हे त्याला कधीच कळत नाही. जाहिरातीचे मेल निदान वेगळ्या उपडोमेनवरून पाठवा. त्याने धक्का कमी बसतो, पण पूर्ण टळत नाही.

प्रदर्शनातल्या व्हिजिटिंग कार्डांबद्दलही बोलायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये ‘मसिआ’ या मराठवाड्यातल्या लघुउद्योजकांच्या संघटनेचा ‘अॅडव्हान्टेज महाराष्ट्र एक्स्पो’ शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत झाला. अशा ठिकाणी गठ्ठ्याने कार्डे जमतात आणि सरसकट मोहिमेच्या यादीत जातात. ज्याने एका मशीनच्या किमतीसाठी कार्ड दिले, त्याने आयुष्यभराच्या न्यूजलेटरला होकार दिलेला नाही. त्याला किंमत कळवा आणि त्याच मेलमध्ये विचारा, पुढची माहिती हवी का. ‘हो’ म्हणणारे थोडेच निघतील. पण मेल वाचणारेही तेच असतील.

कायदाही आता याच दिशेने येत आहे. एसएमएस आणि फोनसाठी ‘ट्राय’चे २०१८ चे नियम आहेत, मेलला ते लागू नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता. त्या कलमाचा फास २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी पालघरच्या दोन मुलींभोवती आवळला गेला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. ते योग्यच झाले. पण नकोशा मेलविरुद्ध देशात वेगळा कायदा उरला नाही. ती पोकळी काही अंशी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने भरेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मोकळी, ठरावीक कामापुरती आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. मराठवाड्यातल्या ग्राहकाला त्याच्या भाषेत नीट विचारण्याची ही संधी आहे. कायद्याची वाट न बघता ती आजच घ्यावी.

दसरा-दिवाळीच्या मोहिमेआधी प्रत्येक क्लायंटची यादी उघडा. प्रत्येक पत्त्यासमोर तो कुठून आला, कधी आला आणि कशासाठी दिला होता, हे तीन रकाने भरा. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तो पत्ता काढून टाका. आणि क्लायंटने विकतच्या यादीचा हट्ट धरला, तर लेखी नकार द्या.