फुरसुंगीच्या विहिरींचे गुन्हेगार

पुण्यात शहाण्यांची वानवा कधीच नव्हती. हवामानबदलावर तासभर बोलू शकणारे इथे पेठेपेठेत सापडतात. दुष्काळ आहे तो व्याख्यान आटोपून घरी गेल्यावर केळ्याचे साल वेगळ्या बादलीत टाकणाऱ्यांचा.

आधी कोथरूडला असलेला कचरा डेपो 1991 मध्ये सासवड रस्त्याला हलवला आणि या विद्वान शहराची घाण उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या माथी बसली. तिथल्या माणसांना नाक नसते, असा बहुधा नगरनियोजनाचा सिद्धांत असावा! ओल्या-सुक्याची सरमिसळ ढिगात दाबली गेली, हवेविना सडली. तिचे काळे पाणी जमिनीत झिरपून विहिरींत उतरले. ज्यांच्या शिवारात पाणी होते त्यांना टँकरच्या रांगेत उभे केले. 2017 साली डेपो पेटला, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. मग केवढा गहजब! जे पाव शतक गावाने सोसले ते काही दिवस आपल्या फाटकापाशी आले, तर हेच सभ्य लोक गावकऱ्यांना आडमुठे म्हणू लागले.

कायद्याचे अज्ञान सांगायचीही सोय नाही. अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्यानंतर 2000 साली घनकचऱ्याचे नियम आले. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वाटे प्रत्येक घराला बंधनकारक केले. दशक उलटले. अजूनही सकाळी एखाद्या सोसायटीच्या जिन्याखाली उभे राहून पाहा. कचरा नेणारी बाई बादली उलटी करते आणि शिळ्या आमटीत भिजलेली दुधाची पिशवी, फुटका ग्लास, दाढीचे ब्लेड आणि बाळाचा उघडा डायपर एकदमच बाहेर पडतात. तो डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढेच या बाया वर्षानुवर्षे सांगत आल्या. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीला भंगारात भाव मिळतो, आमटीत बुडालेली मातीमोल होते. म्हणजे तिच्या हाताला जखम आणि वर कमाईवर डल्ला! 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून या कष्टाला कष्ट म्हणा असे सांगते आहे. आणि बंगल्यातले शेठ महिन्याच्या शुल्कावरून तिच्याशी घासाघीस करतात.

आता सोसायट्यांतल्या त्या सुप्रसिद्ध खतखड्ड्यांकडे वळू. गांडूळ खत करणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. सवलत बिनचूक वळती होते. गांडुळे मात्र पहिल्या तपासणीनंतर परागंदा! खड्ड्यात मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे आणि गणपतीचे थर्माकोल. त्याच आवारात माळी पालापाचोळा पेटवून देतो आणि सेक्रेटरीसाहेब नर्सरीतून खताची पिशवी विकत आणतात. या व्यवहाराला मूर्खपणा म्हणणे सौम्य होईल. सवलत घेऊन खत न करणे ही सरळ चोरी आहे.

घरी खत करा म्हटले की उत्तर ठरलेले: "वास येतो हो." येणारच! पाणी निथळू दिले नाही, हवा कोंडली, तर येणारच. भोके पाडलेली बादली, तळाला वाळका पाला, रोजच्या देठा-सालांवर पुन्हा मूठभर पाला, वर थोडे आंबट ताक. घरातल्या कचऱ्याचा निम्म्याहून मोठा वाटा एवढ्यात जिरतो आणि दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत हाती येते. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' या आपल्या चळवळीतून हे घराघरांत शिकवले, तेही कोणाच्या अनुदानाविना. उरला सुका. ज्या महाराष्ट्राने रद्दीचा पै-पैशाने हिशेब ठेवला, त्याची नातवंडे एका बिर्याणीमागे चार डबे फेकतात.

महापालिकेने मात्र यावर मान डोलावू नये. वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एक होतो हे नागरिक डोळ्यांनी पाहतात, आणि आळशाला तेवढे निमित्त पुरते. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने सुक्या कचऱ्याचे दोन डझनांहून अधिक वाटे करून दाखवले. तिथला डेपो पाहायला लोक येतात. पुण्याच्या डेपोवर कोण सहलीला गेले आहे?

आमची मागणी उघड आहे. खताच्या खड्ड्यांची अचानक तपासणी करा, बंद सापडेल तिथली सवलत व्याजासह वसूल करा. मिसळलेला कचरा उचलूच नका, तो त्यांच्याच दारात पडू द्या. वेगळा दिलेला कचरा एक करणाऱ्या गाडीच्या ठेकेदाराचे बिल अडवा. कसूर करणाऱ्या सोसायट्यांची नावे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. आणि एखादा लोकप्रतिनिधी रदबदलीला आला, तर त्याचेही नाव खाली लिहा, ठळक अक्षरांत.